कवटीच्या झाकणातला तीळ

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या प्राणिशास्त्र विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांवर तोंड सोडलं. मामा मैंदर्गीचे, निवृत्तीला आलेले. आदल्या दिवशीची मेंढीची कवटी टेबलावर तशीच पडून होती, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तिचा काय वास सुटतो ते सांगायला नको. "हाड दिसलं की धुवायचं. मला विचारत बसायचं नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

माझ्या पीएचडीचा विषय पिनिअल ग्रंथी. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, मागच्या बाजूला बसलेला बारीक दाणा. दिवस कधी आणि रात्र कधी हे शरीराला कळवणारा. निरनिराळ्या सस्तन प्राण्यांत तो कसा असतो हे मी ताडून पाहत होते. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसबद्दल दुसऱ्यांच्या छायाचित्रांवरूनच लिहायचं होतं. पिल्लू पिशवीत वाढवणाऱ्यांपैकी मात्र एक खरा नमुना हाताशी होता. कुणा माजी विद्यार्थ्याने कधीकाळी पाठवलेलं वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूचं, डोकं कॉलेजच्या संग्रहात फॉर्मलिनच्या बरणीत होतं. दुसरं मिळणार नव्हतं.

म्हणून आधी खाटकाकडच्या मेंढ्यांच्या डोक्यांवर हात बसवला होता. कवटीचं झाकण जरा घाईने उचललं, की ग्रंथी मेंदूवरून सुटते आणि आतल्या पापुद्र्याबरोबर झाकणालाच चिकटून येते, हे मी त्यातच शिकले होते.

त्याच दिवशी वॉलबीची कवटी कापताना भुसा उडू नये म्हणून पंखा बंद ठेवला होता. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी झाकण सुटलं. ते बाजूला ठेवून मी मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि दोन तास मान वर केली नाही. फट रिकामी होती.

मग झाकण आठवलं. वळून पाहिलं तर टेबल लख्ख पुसलेलं. झाकण खिडकीत उन्हाला वाळत होतं, आतून-बाहेरून पांढरंस्वच्छ. माझी पाचावर धारण बसली.

मामांना एकच प्रश्न विचारायचा होता: झाकणाला आतून काही चिकटलेलं होतं का? मी विचारला नाही. विचारलं नाही, तर ग्रंथी हरवली असं कुणालाच म्हणता येणार नव्हतं.

"फट रिकामी आहे सर," मी मार्गदर्शकांना सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सर खुर्चीत पुढे सरकले. "इतर कांगारूंत ती दिसलेली आहे. या जातीत नसेलच, तर ही मोठी गोष्ट आहे. पुढच्या आठवड्यात विभागासमोर मांड."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मामा समोर आले की मी कपाटात काहीतरी शोधायला लागायचे.

मांडणी ठीक चालली होती. मग एका प्राध्यापिकेने विचारलं, "झाकणाची आतली बाजू तपासली होती का?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"झाकन म्या धुतलं की," ते म्हणाले. "तिळाएवडं कायतरी चिकटलं हुतं. ब्रशनं काडलं. काय चुकलं का, सर?"

"विचारायचं नाही का, मामा?" सरांचा आवाज चढला. "एवढी वर्षं इथे काढलीत तुम्ही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि मी, लाज वाटते सांगायला, हातातले कागद नीट लावत राहिले.

मग मी म्हणाले, "न विचारता धुवा, असं मीच सांगितलं होतं. आणि मला पहिल्या दिवसापासून संशय होता."

प्रबंधातल्या तक्त्यात वॉलबीच्या रकान्यात आता 'नमुना काढताना नष्ट' असं लिहिलंय. सर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होते. मामा पहिल्यासारखेच बोलतात. फक्त हल्ली काहीही धुण्याआधी ते माझ्यापुढे आणून धरतात. "ताई, बगून घ्या," म्हणतात.

काल त्यांनी काचेची रिकामी बशी आणली. मी ती उजेडात धरून नीट पाहिली, आणि मामांकडे न बघताच परत दिली.