इलारियाला डाव लागला

क्युबातल्या मातान्सास शहरात, दोरखंडाच्या कारखान्यात घायपाताचे धागे विंचरणाऱ्या इलारिया बारोला तिथं सगळे नावानं ओळखत. सिम्प्सन वस्तीत मात्र तिची ओळख वेगळी होती. तीस वर्षांत रुंबा नाचताना तिला एकाही पुरुषाचा डाव लागला नव्हता.

ग्वाग्वांको या जलद रुंबात पुरुष बाईभोवती घुटमळतो, हसतो, आपलं लक्षच नाही असं दाखवतो. आणि ढोलाच्या एका ठोक्यावर अचानक कमरेचा झटका देतो, नाहीतर रुमालाचा फटकारा मारतो. बाईनं त्याच क्षणी झग्याचा घोळ पुढे ओढून तो अडवायचा. चुकली की अंगणभर हशा. इलारिया कधी चुकली नाही. तिचा नवरा हयात होता तोवर म्हणायचा, "नाचात काही जमेना, म्हणून शेवटी लग्नच केलं हिच्याशी."

सुरुवातीला तिला या नावलौकिकाची गंमत वाटे. पुढे कार्देनासचे, हवानाचे तरुण मुद्दाम तिला हरवायला येऊ लागले. मग रविवार उजाडूच नये, असं तिला वाटायचं. आपल्याला नाचायचंय की नाही, हे तिला कोणी विचारतच नसे.

सत्तावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं जमू लागलं. डॉक्टरकडे गेलं तर वस्तीला कळणार, आणि कळलं की सगळे डावीकडूनच येणार. ती गेलीच नाही. जोडीदाराला सतत उजव्या हाताला ठेवण्यासाठी ती मान तिरकी करून गिरक्या घेऊ लागली. लोकांना वाटलं, इलारियानं नवी लकब काढली. पोरी आरशासमोर माना तिरक्या करून तिची नक्कल करू लागल्या.

एकट्या सिरिलोनं ओळखलं. हा तिचा मावसभाऊ. नाचणाऱ्याच्या पायाशी बोलणारा लहान, उंच सुराचा ढोल, किंतो, तो वाजवायचा. मान दुखते का, असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा तिनं त्याला आपल्या ढोलाकडे बघायला सांगितलं. त्यानंतर कोणी डावीकडून सरकलं की किंतोवर एक जादा टिचकी पडायची. इलारियाला ती कळायची. त्या आधाराची तिला लाज वाटायची, पण त्याच टिचकीवर तिनं दोन वर्षं निभावून नेली.

तो रविवार ऑगस्टमधला. दुपारची जेवणं उरकून सगळे अंगणात जमले होते. कार्देनासचे दोघं हात हलवत परतले, तेवढ्यात फाउस्तिनो पुढे झाला. घोडागाडी हाकणारा, पोट सुटलेला, ठोका एकीकडे आणि पाय दुसरीकडे असा हा गृहस्थ. त्याला बघून लोक आधीच हसायला लागले. सिरिलोही हसला. फाउस्तिनोसाठी कसला इशारा द्यायचा?

फाउस्तिनोचा पाय अडखळला, तो तिच्या डावीकडे भेलकांडला, आणि तिथूनच त्यानं रुमाल फटकारला. रुमाल थेट तिच्या मांडीवर येऊन लागला. झगा जागेवरून हललाच नव्हता.

ढोल थांबले. फाउस्तिनोचा चेहरा पांढरा पडला.

"लागला?" त्यानं हळूच विचारलं.

इलारियाला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपण मरून जाऊ. प्रत्यक्षात तिच्या छातीवरचं ओझंच उतरलं. ती खो खो हसत सुटली. हसता हसता बाकावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "लागला बाबा, लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाउस्तिनो केळ्यांचा घड घेऊन दारात उभा. बायकोनं माफी मागायला पाठवलं होतं. इलारियानं त्याला कॉफी दिली आणि आजवर कुणाला न सांगितलेलं त्याला सांगून टाकलं. "मला तू दिसलाच नाहीस, फाउस्तिनो. हा डोळा गेलाय माझा."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तो डाव खरा नव्हता तर."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रात्रभर या माणसाला आनंदानं झोप लागली नसावी. "दिसला नाही म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "लागला तो लागला. खुशाल सांग गावभर."

गुरुवारी फाउस्तिनोनंच तिला गाडीतून इस्पितळात नेलं. वाटेत भेटेल त्याला तो आपला पराक्रम ऐकवत होता, आणि ती मान डोलावून साक्ष देत होती. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि इतके दिवस अंगावर काढल्याबद्दल तिला चांगलंच झापलं. मोतीबिंदू पिकला होता, काढला की दिसेल. उजवा डोळा ठणठणीत होता. दुसराही जाणार, या धास्तीनं इलारिया दोन वर्षं झुरली होती. ती खुर्चीतच सैल पडून राहिली.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नाचायला परवानगी दिली. त्या रविवारी सिरिलोनं ढोल आवळला आणि नेहमीचं सुरू करू का, असं नजरेनंच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "यांबू वाजव."

यांबू म्हणजे संथ रुंबा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा. त्यात डाव नसतो आणि अडवाअडवीही नसते. इतक्या वर्षांत लोकांनी तिला तो कधी नाचूच दिला नव्हता. तिनं फाउस्तिनोला हात धरून उठवलं.

"मला येत नाही तो," तो कुरकुरला.

"तुला कुठला येतो?" ती म्हणाली, आणि त्याच्या चुकणाऱ्या पायांकडे दोन्ही डोळ्यांनी बघत, न घाबरता, सावकाश नाचू लागली.