दोन आयांची तसबीर

१९५८ च्या सुमारास पौडात कुणालाही विचारलं असतं, की भिकू पेंटर माणूस कसा, तर "हात सोन्याचा, तोंड शिव्यांचं" असंच उत्तर मिळालं असतं. दुकानांच्या पाट्या, बैलगाड्या, देवळाच्या भिंतीवरचा मारुती, सगळं त्याच्याच हातचं. मारुतीच्या गालावर त्याने खळी काढली म्हणून गुरव महिनाभर भांडला. भिकूने ती पुसली नाही ती नाहीच. शेजारचा हा आडमुठा गडी मला फार आवडायचा.

एका दिवाळीआधी त्याने स्वतःच्या घरादाराची तसबीर काढायला घेतली. मोठी फळी, त्यावर बाप कुशाबा, सावत्र आई गोजराबाई, बायको आणि तो स्वतः. शिवाय बापाच्या उजव्या हाताला जन्मदाती साळूबाई. ती बिचारी भिकूच्या बारशाआधीच गेलेली.

"तिच्याबिगर कसलं घर?" तो म्हणायचा.

अडचण एवढीच, की साळूबाईचा फोटो कधी निघालाच नव्हता. चुलती म्हणाली गोरी होती, मावशी म्हणाली सावळी. कुशाबाला विचारावं तर तो म्हणे, "चांगली व्हती." घ्या आता, काढा चित्र!

गोजराबाईचं दुखणं मात्र वेगळंच होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाची सोन्याची पुतळी होती. नवं लुगडं आधी त्या पुतळीला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावाने काढायचा. हे सगळं तिने वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं. पण साळूबाई आता कुशाबाच्या शेजारी येऊन बसणार म्हटल्यावर तिचा धीर सुटला.

"वयनी, पोराला आईचं तोंड गावलं, की मंग मी कोन?" ती मला म्हणाली.

भिकूचा मला असा राग आला! जिने न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिच्या जिवाला हा घोर कशाला?

शेवटी कुणाचंच न ऐकता भिकूने मनाला येईल तसा चेहरा काढला. पाडव्याला सगळ्यांना बोलावून फळीवरचं कापड दूर केलं. कुशाबा पुढे होऊन फळीजवळ वाकला.

"भिक्या, ही साळू न्हाई. ही गोजरा हाय. लगीन हून आली तवाची."

आम्ही पाहिलं. खरंच की! तेच रुंद कपाळ, तीच जराशी पुढे आलेली हनुवटी. भिकूचं तोंड उतरलं. टर्पेंटाइनची चिंधी घेऊन तो चेहरा पुसायला निघाला.

गोजराबाईने त्याचं मनगट धरलं. ती रडत होती. मीही रडत होते, खोटं कशाला बोलू?

"पुसू नगंस," ती म्हणाली. "धनी तिचा, संसार तिचा, पोर तिचं. समदं मीच वापरलं. माजं एक तोंड तरी तिला ऱ्हाऊ दे."