धूरअक्का

आमच्या बोळात सकाळी कोंबडा आरवायच्या आधी अक्का ओरडायची. थंडीच्या दिवसांत धुराची पहिली रेघ वर चढली, की गॅलरीतून तिचा आवाज खाली यायचा, "कोन जाळायलंय रे? काय टाकलास त्यात? पिशवी हाय न्हवं प्लास्टिकची?" आणि पिशवी असायचीच. नाक कसलं, पोलीस खातंच ते! भवानी पेठेत तिला सगळे धूरअक्का म्हणत. तोंडावर नुसतं अक्का.

अक्का आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा गेल्यावर टॉवेलांच्या कडा शिवून तिनं एकट्यानं मुलाला शिकवलं. टॉवेलांच्या उडत्या तंतूंनीच तिची छाती धरली. उन्हाळ्यात ती धुळीवर खेकसायची, पावसाळ्यात जरा गप्प असायची. पण दिवाळी सरली आणि धूर खाली बसायला लागला, की एका हातात दम्याचा पंप आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन गस्त सुरू. चिमटा कशाला? लोकांच्या शेकोटीतून रबराचे तुकडे बाहेर ओढायला.

तिच्या घरात मात्र रोज तिन्हीसांजेला ऊद जळायचा. खोलीत माणूस दिसू नये इतका. मी एकदा म्हटलं, "अक्का, हा धूर नाही का?" खोकत खोकत ती म्हणाली, "हा देवाचा हाय. तो छातीत जात न्हाय." मग खोकला थांबायची वाट बघत आम्ही दोघी बसून राहिलो.

तिचं खरं युद्ध समोरच्या बसण्णाशी होतं. त्याचे यंत्रमाग होते. उरलेल्या चिंध्या आणि सुताचा कचरा कामगार रोज संध्याकाळी कोपऱ्यावर पेटवायचे. रंगवलेल्या कापडाचा तो धूर घशात मिरचीसारखा लागायचा. अक्कानं आधी समजावलं, मग भांडली, मग त्याच्या आईकडे जाऊन रडली. काही होईना. शेवटी एका संध्याकाळी तिनं प्लास्टिकची खुर्ची नेली, चिंध्यांच्या ढिगावर ठेवली आणि मांडीत सूप घेऊन ज्वारी निवडत बसली.

बसण्णा धावत आला. "अक्का, उठा की. लोकं बगायलेत."

"बगू दे की. तू पेटव. मी हाय हितंच."

"मग ह्या चिंद्यांचं काय करू मी? खाऊ का?"

"गोधड्या शिवणाऱ्या बायका हायत की पलीकडच्या गल्लीत. इचारलास का कदी?"

त्यानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्काच त्या बायकांना घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. चिंध्या गेल्या. बसण्णा पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही, पण कोपऱ्यावर पुन्हा आग दिसली नाही.

पुढच्या थंडीत अक्काला दम्याचा मोठा झटका आला. तिचे ओठ निळे पडले, शब्द फुटेना. मी खाली धावले, तर वरची धावपळ ऐकून बसण्णानं आधीच टेम्पो दारात आणलेला. दवाखान्यात तो रात्रभर बाकावर बसून होता.

तिचा मुलगा शिवानंद उत्तराखंडातल्या एका डोंगरी गावात नोकरीला होता. तो आला आणि म्हणाला, "आई, थंडी संपेपर्यंत तिकडं चल. तिथली हवा म्हणजे औषध." अक्का गेली. बोळ इतका शांत झाला, की करमेना.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "कसली हवा आन् कसलं औषद! चौबाजूनं डोंगार, मदी गाव. थंडीत समदे लाकडं जाळत्यात आन् धूर वर जायचं नाव घेईना. पातेल्यावर झाकण घातल्यावानी बसलाय बग. पावसाळ्यात लई झ्याक हवा असती म्हनं. आमी पडलो थंडीचे पाव्हणे!" शिवानंद रोज मोबाइलमध्ये बघून हवा खराब असल्याचं सांगायचा, त्याचाही तिला राग. "मला काय नाक न्हाय का?" हिंदीचा एक शब्द येत नसताना शेजाऱ्याच्या पाचोळ्याच्या आगीवर तिनं बादली ओतली, हे मला शिवानंदकडून कळलं.

थंडी संपायच्या आधीच, संक्रांतीला ती परत आली. स्टेशनवर मी आणि बसण्णा घ्यायला गेलो होतो. फलाटावर उतरून तिनं लांब श्वास घेतला, पोटभर खोकली आणि समाधानानं म्हणाली, "टायर जाळायलंय कोनतरी."

त्यानंतर ती एक वर्ष होती. चालणं सुटलं, तेव्हा बसण्णा रोज दुपारी वर येऊन तिला पेठेतली बातमी सांगायचा. अशाच एका दुपारी, बातमी ऐकता ऐकता, ती गेली.

अक्का लिंगायत. त्यांच्यात दहन नसतं, पुरतात. विभूती लावून, बेलपानं वाहून सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. शिवानंद हमसून रडत होता. बसण्णानं शेवटची मूठ टाकून हात झटकले. मग माझ्याकडं वळून, डोळे पुसत हळूच म्हणाला, "बगा की ताई. जाताना बी अक्कानं धूर केला न्हाय."