सकाळची रिकामी फेरी

दवाखान्याच्या तळघरात काम करणाऱ्या त्या बाईला सगळे वाफबाई म्हणत. हजेरीपटावर तिचं चांगलं नाव होतं, पण ते हजेरीपटावरच राहिलं. शस्त्रक्रियेची अवजारं धुवायची, पुसायची, मोजून ट्रेमध्ये मांडायची, दुहेरी कापडात बांधायची आणि मोठ्या मशीनमध्ये दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करायची, असं तिचं अकरा वर्षांचं काम. बरे झालेल्यांचे नातेवाईक फुलं घेऊन वरच्या मजल्यावर जात. तळघरात आजवर कुणी फूल घेऊन उतरलं नव्हतं, आणि उतरलं असतं तरी त्या उकाड्यात ते तासभर टिकलं नसतं.

घरी तिचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर बदलायची. मग दोन मुलांचे डबे, मग नवऱ्याचा मोजा. तो मोजा रोज हरवायचा आणि रोज पलंगाखालीच सापडायचा. सहाच्या ठोक्याला तळघराचं कुलूप उघडलेलं असायचं. मरायला फुरसत नाही असं लोक उगाच म्हणतात. हिला खरोखरच नव्हती.

प्रभूवर तिचा विश्वास होता, लहानपणापासूनचा आणि मनापासूनचा, आणि तिचं दुखणं नेमकं तिथेच होतं. चर्चच्या मंडळीतल्या बायका पहाटेच्या एकांत प्रार्थनेबद्दल बोलायला लागल्या की ती मान खाली घालून गीतपुस्तकाची पानं उलटत बसे. त्या बायकांत एक होत्या पहाटताई. हे नाव वाफबाईनेच त्यांना मनातल्या मनात दिलेलं. रोज चार ते पाच गुडघ्यांवर, आणि रविवारी त्याचा सविस्तर वृत्तान्त. "वेळ काढला की निघतो हो," असं त्या म्हणत. निघणारच. घरात दोन सुना होत्या, आणि पहाटताईंनी गेल्या सहा वर्षांत चहाचं पातेलंसुद्धा उचललेलं नव्हतं.

वाफबाईची प्रार्थनेची वेळ म्हणजे रिकामी फेरी. हे जरा समजावून सांगायला हवं. मोठ्या मशीनमध्ये रोज सकाळची पहिली फेरी अवजारांशिवाय लावतात. आत फक्त कापडाची एक जाड घडी आणि घडीच्या पोटात रेघारेघांचा एक कागद. वाफ अगदी गाभ्यापर्यंत पोचली तर सगळ्या रेघा सारख्या काळ्या होतात. आत कुठे हवा अडकून राहिली तर मधोमध फिकट डाग राहतो, आणि मग त्या मशीनवर त्या दिवशी भरवसा ठेवायचा नाही. पंचवीस मिनिटं जातात आणि हाती एकही चिमटा लागत नाही. कामावर नवीन आलेलं माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतं, हे रोज कशाला?

ती पंचवीस मिनिटं वाफबाई स्टुलावर बसायची आणि डोळे मिटायची. शस्त्रक्रियांची यादी तिच्याकडे यायची ती नावांची नसायची, अवयवांची असायची, कारण ट्रे कुठला लागणार एवढंच तिला कळायला हवं. त्यामुळे तिची प्रार्थनाही तशीच. प्रभू, आजची दोन पोटं आणि एक गुडघा तुझ्या हाती. त्यांच्या घरच्यांना धीर दे. माझ्या हातून काही राहू देऊ नकोस. मग सासूबाईंची पाठ, मुलांच्या परीक्षा, आणि वेळ उरलाच तर नवऱ्याचा विसराळूपणा. याला प्रार्थना म्हणायचं का, अशी तिला शंका यायची. समोर क्रूस नाही, दाबाचा काटा. गुडघे टेकलेले नाहीत, पाय सुजलेले. देवाला आपण उरलासुरला वेळ देतो असं तिला वाटायचं आणि मनातून लाज वाटायची.

त्या रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी तिची होती. याआधी दोनदा पाळी आली आणि दोन्ही वेळा ऐनवेळी दवाखान्यातून बोलावणं आलं. पहाटताईंनी गोड आवाजात विचारलं होतं की यादीतून नाव काढून टाकायचं का. ते तिला फार लागलं होतं. काही झालं तरी या वेळी पोचायचंच, असं तिने ठरवलं.

आणि नेमकं त्याच पहाटे सासूबाईंना दोनदा ओकारी झाली. सगळं आवरून ती तळघरात आली तेव्हा पावणेसात झाले होते. उपासना नऊला. शनिवारी पोटाचे तिन्हीच्या तिन्ही ट्रे वापरले गेले होते, ते तयार करून वर पोचवल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. रविवारी खात्यात ती एकटीच. तिने घड्याळाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रिकामी फेरी टाळली. आज एकच दिवस, असं ती स्वतःशी म्हणाली. ट्रे निघाले, वर गेले, तिने पिशवीतली साडी नेसली आणि नऊला पाच कमी असताना ती बाकावर जाऊन बसली.

पहिलं गीत झालं. गायकवृंदात पांढरा झगा घालून उभ्या असलेल्या नवऱ्याने तिला पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे शाबासकी दिली. मग पाळकांनी सांगितलं की आता शांतपणे, आपापल्या मनात, ज्यांची आठवण येते त्यांना प्रभूपुढे आणा. वाफबाईने डोळे मिटले आणि सवयीने सुरुवात केली, प्रभू, आजची... आणि पुढे काही येईना. आज कोण? यादी तिने पाहिलीच नव्हती. स्टुलावर ती बसलीच नव्हती. देवाला वेळ द्यायला म्हणून ती धावत आली होती, आणि येताना रोज त्याला जो वेळ देत होती तोच टाकून आली होती. नुसती प्रार्थना राहिली असती तर देवाने समजून घेतलं असतं. पण मशीनही तपासायचं राहिलं होतं.

ती उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि शस्त्रक्रियागृहाला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. मग दारावरच्या पहारेकऱ्याला लावला. तो म्हणाला, आत्ताच एका रंगाऱ्याला वर नेलं, अपेंडिक्स फुटलंय म्हणे, बायको रडतेय.

ती आत आली तेव्हा शास्त्रपाठासाठी तिचंच नाव घेतलं जात होतं. ती व्यासपीठापाशी गेली, पण पुस्तक उघडलं नाही. माझ्या हातून कामात चूक झाली आहे, एका माणसाचं पोट आता उघडतील आणि त्याची अवजारं मी नीट तपासलेली नाहीत, मला जायला हवं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पाळक वयस्कर होते आणि उपदेश लांबवण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्या दिवशी मात्र त्यांनी पाच शब्दांत काम भागवलं.

"तू पळ. प्रार्थना आम्ही करतो."

नवरा झग्यासकट स्कूटरवर बसला. रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवरून एक माणूस पांढरा झगा फडकवत दोन लाल दिवे तोडून चालला आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांनी काय समजूत करून घेतली असेल ती असो. सात मिनिटांत ते दवाखान्यात पोचले.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी जमिनीवर एक लाल रेघ आहे. बाहेरच्या कपड्यांनी तिच्या पलीकडे जायचं नाही. वाफबाई रेघेवर पाय जुळवून उभी राहिली आणि अकरा वर्षांत ज्या आवाजात ती तिथे कधी बोलली नव्हती त्या आवाजात म्हणाली, "साहेब, थांबा. कापू नका."

सर्जनसाहेबांना दवाखान्यात तोफ म्हणत, आणि ते उगाच नव्हे. हात धुऊन, ते वर धरून ते दारात आले. रंगाऱ्याला भूल दिली गेली होती, ट्रे उघडलेला होता. वाफ लागली की रंग बदलणारी ट्रेमधली पट्टी काळी झालेली आहे, मग अडचण काय, असं त्यांनी विचारलं.

"पट्टी त्या जागेपुरतं सांगते, साहेब. मशीनचं सांगत नाही."

"मशीन बिघडलंय?"

"माहीत नाही. मी रिकामी फेरी लावली नाही."

"रोज ठीक निघतं ना?"

"रोज ठीक निघतं. पण रोज मी बघते. आज बघितलं नाही."

तोफ आता उडणार म्हणून आतली नर्स मागे सरकली. साहेबांनी वळून भुलीच्या डॉक्टरांना किती थांबता येईल ते विचारलं. भूल टिकवता येईल, पण फुटलेलं अपेंडिक्स थांबणार नाही, तासाभराच्या आत सुरुवात व्हायला हवी, असं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या. साहेब वाफबाईला एवढंच म्हणाले, की चाळीस मिनिटांत ट्रे हवा.

तळघरात एक जुनं छोटं मशीन होतं, एका वेळी एक ट्रे घेणारं. ते साध्या पद्धतीचं, त्यात हवा पंपाने ओढून काढत नाहीत, म्हणून त्याला रिकामी फेरी लागत नाही. वाफबाईने वरून परत आणलेल्या तीन ट्रेंपैकी एकाचं कापड सोडून तो पुन्हा मांडला, मधोमध आणि चारी कोपऱ्यांत पट्ट्या ठेवल्या, मशीन लावलं. मग मोठ्या मशीनमध्ये कापडाची घडी घातली आणि सकाळी राहिलेली फेरी आता लावली. हात चालत होते, कारण हातांना काम पाठ होतं. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. आपल्यामुळे एक माणूस वर भूल घेऊन ताटकळत पडला आहे, आणि मशीन ठीक निघालं तर तो उगाचच ताटकळला, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात मेट्रनबाई खाली आल्या. वाफबाईवर त्यांचा जीव होता. त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि हळूच म्हणाल्या, "अगं, वीज गेली होती असं लिही. चौकशी झाली तर नोकरीवर बेतेल. मी सही करते."

वाफबाईने पेन घेतलं आणि लिहिलं: सकाळची रिकामी फेरी लावली नाही. कारण, उपासनेला वेळेत पोचायचं होतं. चूक माझी. खाली सही केली, चांगली ठळक. मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारला.

मग ती स्टुलावर बसली. प्रभू, त्या रंगाऱ्याचं पोट, असं म्हणाली, आणि याहून जास्त तिला सुचलं नाही.

मोठं मशीन थांबलं. तिने घडी उलगडून कागद काढला. कडेच्या रेघा काळ्याभोर होत्या आणि मधोमध तळहाताएवढा फिकट डाग होता. मेट्रनबाईंनी कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. मशीनच्या दाराच्या रबराला एक चीर गेली होती, बोट फिरवल्यावर लागेल एवढी. रात्रीत कधी गेली कोण जाणे. सकाळच्या उरलेल्या दोन ट्रेंवर लाल खूण करून वाफबाईने ते बाजूला ठेवले. छोट्या मशीनमधला ट्रे निघाला, पाचही पट्ट्या काळ्या. अडतिसाव्या मिनिटाला ती पुन्हा लाल रेघेवर होती, आणि नर्सच्या हाती ट्रे दिल्यावर तिने तो कागद दाराच्या काचेला लावून धरला.

साहेबांनी काचेजवळ येऊन मधला डाग पाहिला. मग त्यांनी मान लववली, अगदी खाली, आणि आत वळले.

आता रंगाऱ्याच्या बायकोला सांगणं उरलं होतं. जिथे नातेवाईक बसतात तो बाक मात्र रिकामा होता. वाफबाईने खिडकीतून खाली पाहिलं आणि बघतच राहिली. अंगणात मंडळी उभी होती, चाळीस-पन्नास माणसं, म्हातारी-कोतारी, कडेवरची पोरं, गायकवृंद झग्यांसकट. पाळकांनी उपासना अर्ध्यावर उचलून इथे आणली होती. पहारेकरी भांबावून फाटक धरून उभा होता. आणि मध्ये, पहाटताईंच्या खांद्यावर डोकं टेकून, एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या मांडीवर रंगाचे डाग पडलेला सदरा होता. पहाटताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

वाफबाई खाली गेली, त्या बाईसमोर बसली आणि सगळं सांगितलं. उशीर माझ्यामुळे झाला, हेही सांगितलं. बाईने रागावून पाहिलं आणि विचारलं, "आता सुरू झालंय ना?" वाफबाई हो म्हणाली. मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. कुणी सोडला नाही.

दुपारी एक वाजता साहेब स्वतः पायऱ्या उतरून आले. टोपी अजून डोक्यावरच होती.

"आतडं शाबूत आहे. सगळं स्वच्छ धुऊन बंद केलं. संध्याकाळपर्यंत बोलायला लागतील." मग वाफबाईकडे बोट करून म्हणाले, "या पळत आल्या नसत्या तर मी हे इतक्या खात्रीने सांगितलं नसतं."

"उशीरही माझ्यामुळेच झाला, साहेब."

"तेही खरं," तोफ म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसताना लोकांना दिसली. चौकशी होईल ती होईल, पण नोंदवहीत तुमच्या सहीखाली माझीही सही असेल, एवढं सांगून ते आत गेले.

अंगणात जो गलका झाला त्याला दवाखान्याचे कुठलेच नियम लागू पडले नाहीत. माणसं हसत होती, रडत होती, अनोळखी परिचारिकांना मिठ्या मारत होती. वाफबाईला वाटलं, आपल्या अंगातून कुणीतरी मोठं ओझं उचलून घेतलं. अकरा वर्षं आपण देवाला उरलासुरला वेळ देत नव्हतो, त्याचंच काम त्याच्यासमोर बसून करत होतो, हे तिला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिने भर अंगणात नवऱ्याचा हात धरला.

रंगाऱ्याची बायको डोळे पुसून सगळ्यांकडे पाहत होती. एवढी माणसं, तासन्‌तास उन्हात. तिने पहाटताईंना विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"तुमचेच आहेत, बाई," पहाटताई म्हणाल्या. "आम्हाला फक्त त्यांचं नाव माहीत नाही."

तेव्हा तिने नाव सांगितलं. आणि अंगणातल्या सगळ्यांनी ते नाव मोठ्याने घेऊन देवाचे आभार मानले. वाफबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.