वाढत्या मापाचे बूट

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण पुढेमागे कुणी उघडलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

त्या शनिवारी हँक, म्हणजे आमच्या क्लबचा मॅनेजर, ऑफिसचं दार उघडं ठेवूनच फ्लोरशी बोलत होता. फ्लोर ही स्नोबोर्ड शिकवणारी मुलगी. त्याच सीझनला ट्रायलवर घेतलेली. मी शेजारच्या खोलीत ओले बूट रॅकवर लावत होते.

“सहा आठवडे झाले,” हँक म्हणाला. “बुधवारची मुलं वळायला लागली. तुझ्या शनिवारच्या आठातलं एकही वळत नाही.”

“मी जे शिकले तेच शिकवते.”

“पालक पैसे परत मागतायत. एकाला मी अर्धी फी दिली पण. हा महिना बघू. पण तू दुसरीकडे चौकशी करून ठेव.”

इथली माणसं असं तोंडावर बोलतात. त्यात राग नसतो. पण ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा तो उतरतोच. फ्लोर माझ्या खोलीत आली, एक बूट उचलला, उगाच पाहिला आणि परत ठेवला.

आमची टेकडी खरी टेकडी नव्हे. हा डच लोकांचा देश पोळपाटासारखा सपाट आहे, म्हणून माती रचून उतार केलाय, चार मजली इमारतीएवढा. त्यावर प्लास्टिकच्या ब्रशच्या मॅट अंथरल्यात. कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवल्यासारखं दिसतं. वरून पाण्याचे फवारे चालू असतात, त्यामुळे बोर्ड घसरतो. खरा बर्फ त्या सीझनला दोनच दिवस टिकला. क्लबची दुसरी टेकडी तासाभरावर आहे. ती याहून बुटकी.

मी तिथे आधी फरशी पुसायला होते. माझे मिस्टर हूफ्डडॉर्पच्या हॉटेलात स्वयंपाकी आहेत, त्यांच्या ओळखीनं काम लागलं. बूट देणारा म्हातारा रिटायर झाला तेव्हा हँकनं ती खोली मला दिली. बुटांची जोडी, मुलाचं नाव, मापाची चिठ्ठी, सगळं मी एका नजरेत सांगू शकेन असं लावलं होतं. ती खोली मिळाल्याचा मला फार आनंद होता.

शनिवारची आठही मुलं मराठी होती. आयटीतल्या पाटणकरांनी ग्रुपवर टाकलं आणि नीउ-व्हेनेपकडची कुटुंबं गोळा केली. बूट सबंध सीझनसाठी भाड्याने मिळतात, ऑक्टोबर ते मार्च एकच जोडी. पहिल्या दिवशी पाटणकर म्हणाले, “काकू, एक नंबर मोठाच द्या. मार्चपर्यंत पुरला पाहिजे.” दुसऱ्या एका आईनेही तेच सांगितलं. तिसऱ्या मुलापासून मी कुणी सांगायची वाटच बघितली नाही. मी स्वतः तशीच वाढले. जूनमध्ये शिवलेला फ्रॉक मला दिवाळीनंतर अंगाला बसायचा.

तर फ्लोर गेली आणि थोड्या वेळाने पाटणकरांची ईरा आली. नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये.

“संपला का वर्ग?” मी विचारलं.

“मला येतच नाही. मी नाही करत आता.”

ती बाकावर बसली आणि बुटातून पाय ओढला. पाय बाहेर आला. लेस तशाच बांधलेल्या होत्या.

मी बूट हातात घेऊन बघत राहिले. मग तो परत तिला घातला, घट्ट बांधला आणि म्हटलं, “चवड्यांवर उभी राहा बघू.” ती उभी राहिली. टाच आतल्या आत वर गेली. बूट जमिनीलाच चिकटलेला.

बूट बोर्डाला पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि बोर्डाला दोन्ही कडांना लोखंडी धार असते. एका बाजूला वळायचं तर टाचांवर भार द्यायचा, दुसऱ्या बाजूला वळायचं तर चवड्यांवर. टाच उचलली की तिच्याबरोबर बूट उचलला पाहिजे आणि बुटाबरोबर बोर्ड. टाच नुसती बुटात वर-खाली झाली तर बोर्डाला काही कळतच नाही. तो सरळ जातो आणि मूल आपटतं. फ्लोर बरोबर शिकवत होती. मुलंही बरोबर करत होती.

मी आठही चिठ्ठ्या पाहिल्या. सहा जोड्या एक नंबर मोठ्या, दोन तर दोन नंबर. बुधवारच्या डच मुलांचं माप बरोबर होतं, कारण बूट सैल असला की ती मुलं स्वतःच सांगतात आणि बदलून घेतात.

बूट गुपचूप बदलता आले असते, कुणाला कळलंही नसतं. पण फ्लोरचं नाव खराब झालं होतं, ते तसंच राहिलं असतं आणि तिचं काम गेलं असतं. दुसरीकडे, सांगितलं तर माझ्या हातात पुन्हा फरशीचा मॉप. मी रॅक दोनदा लावला. मग ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. हँकला सगळे नावानं हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून मी नुसती समोर उभी राहते.

“बोल, सुनंदा.”

“फ्लोरची चूक नाही. बूट मोठे आहेत. मी दिले.”

“किती?”

“आठही.”

“का?”

“आमच्याकडे मुलांना वाढत्या मापाचं घेतात. पुढे होईल म्हणून.”

तो खुर्चीत मागे टेकला. “आणि तोपर्यंत?”

मी आठही चिठ्ठ्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.

“फ्लोरला तू स्वतः सांग,” तो म्हणाला. “पालकांना मी मेल करतो.”

“पालकांना मी सांगते,” मी म्हटलं. चार माणसांत मी कधी तोंड उघडत नाही, तरी म्हटलं.

“ठीक. दोन शनिवार देतो.”

फ्लोरला सांगितलं, तशी ती रॅकपाशी गेली आणि सगळ्यात छोटे बूट काढायला लागली. पण लहान मापं बुधवारच्या मुलांकडे गेली होती. दुसऱ्या टेकडीवर फोन केला, गुरुवारी क्लबच्या व्हॅनमधून जाऊन पाच जोड्या आणल्या.

शनिवारी सगळ्यांना उभं करून लाकडी फूटपट्टीवर पाय मोजले. एकाच्या पायात लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड निघाले. पाटणकर जवळ आले.

“काकू, मागच्या वेळी तुम्हीच मोठे दिलेत.”

“दिले. चुकलं माझं. आज बरोबर देते.”

“पण बोटं पुढे लागतायत म्हणते ती.”

“सरळ उभं राहिल्यावर लागायलाच हवीत. ईरा, गुडघे वाकव. आता लागतात?”

ईराने मान हलवली. नाही.

“आणि जानेवारीत पाय वाढला म्हणजे?”

“बदलून देईन. पैसे पडणार नाहीत.”

मिसेस पाटणकर मागून म्हणाल्या, “कुणाला समजावताय काकू? यांचा लग्नातला सूटसुद्धा वाढत्या अंगाचा होता. आत्ता कुठे बसायला लागलाय.”

सगळे हसले. पाटणकरही हसले, पण मुद्दा सोडला नाही. “मी अर्धी फी परत घेतलीय, ते माहितीय ना?”

“माहितीय. तरी ईराला येऊ द्या, असं मी ऑफिसात सांगितलंय.”

“बरं. पण सीझन पूर्ण झाल्याशिवाय ती परत भरायचं मी काही कबूल करणार नाही.”

त्या दिवशी चार मुलं चवड्यांवर वळली. पुढच्या शनिवारी सात. आठवा मुलगा भित्रा होता, त्याला बुटाचा काही उपाय नव्हता. तो जानेवारीत वळला. महिनाअखेरीला हँकने फ्लोरला सीझनभराच्या कामाचा कागद दिला. बुटांची खोली माझ्याकडेच राहिली. फेब्रुवारीत तीन मुलांचे पाय वाढले, त्यांना पुढचं माप दिलं. आता नवीन मूल आलं की हँक म्हणतो, आधी सुनंदाकडे जा. एरवी मी मान खाली घालून असते, पण पाय मोजताना कुणाच्या वडिलांचं ऐकत नाही. मुलांना वाढ धरून घ्यावं असं पुष्कळ काही असतं. बूट त्यात येत नाहीत.

मार्चमधला शेवटचा शनिवार दुसऱ्या टेकडीवर होता. मी खाली व्हॅनपाशी जोड्या मोजून घेत होते. ईरा वरून निघाली, टाचांवर वळली, चवड्यांवर वळली, पुन्हा टाचांवर, आणि थेट कुंपणाशी येऊन थांबली. पडली नाही. मागे वळून बघितलंही नाही, बोर्ड उचलून परत वर चालायला लागली.

पाटणकर कुंपणापाशीच उभे होते. मग हँककडे गेले आणि अकाउंट नंबर विचारला. तिथेच फोनवर बोटं फिरवली. हँकनं स्वतःचा फोन काढून पाहिला आणि मला लांबूनच म्हणाला, “फी आली. सगळी.”