बॅग आली, कुसुम राहिली

ट्रिपहून आलं की कपडे दोन दिवसांत धुऊन, वाळवून कपाटात जातात. किस्से मात्र बाहेरच राहतात. माझ्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईची एखादा ऐकल्याशिवाय सुटका नसते. परवा एकीने सरळ विचारलं, "शैलाताई, तुम्ही फिरायला जाता ते बघायला की नंतर सांगायला?" मी म्हटलं, "हात वर करा, माप चुकेल." पण प्रश्न रास्त होता.

आम्ही चौघी पोलादपूरच्या शाळेतल्या, एका बाकावरच्या. मी आणि जुबेदा लग्न होऊन महाडला आलो, अलका एसटीत कंडक्टर म्हणून लागली, आणि कुसुमला उमरठला दिली. पन्नाशी आली तेव्हा ठरवलं, वर्षातून एकदा बाहेर पडायचं. नवरे नाहीत, सुना नाहीत, नातवंडं नाहीत. फक्त चौघी. ट्रिप सुटणार महाडला माझ्या दुकानाच्या पायरीवरून. नियम एकच, तो जुबेदाने केला. एकीला एकच बॅग, आणि तीही जिची तिने उचलायची.

एवढ्याशा नियमाने आमची काय काय दशा केली ते ऐका.

*

महाडच्या बाईला बॅग भरायला शिकवावं लागत नाही. पुरात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत यायला लागलं की बघता बघता अख्खं घर माळ्यावर चढवायची आम्हाला सवय. पहिल्या ट्रिपला, म्हणजे हंपीला निघताना मी बॅग उघडली आणि हात आपोआप चालू लागले. डोकं मी लावलंच नाही.

हॉटेलवर चेन उघडली. आत मेणबत्त्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी, टॉर्च, चुरमुरे, सुतळीचं बंडल, घराची कागदपत्रं आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. कपडे म्हणाल तर एक गाऊन.

जुबेदाने एकेक वस्तू काढून गादीवर मांडली. मग म्हणाली, "शैले, आपण हंपीला आलोय की माळ्यावर चढलोय?"

मला त्या चार दिवसांत वाचवलं ते कुसुमच्या चॉकलेटी साडीने. गंमत म्हणजे कुसुम ट्रिपला आलीच नव्हती.

*

झालं होतं असं. कुसुम उमरठहून बॅग घेऊन वेळेत दुकानाच्या पायरीवर हजर. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून भावोजी, म्हणजे तिचा नवरा. गावकीतला वजनदार माणूस, भरघोस पांढरी मिशी, बोलणं मोजकं. "चंद्रीनं बादली उडवली," एवढंच म्हणाले.

चंद्री म्हणजे कुसुमची म्हैस. कपाळावर पांढरा टिळा आहे म्हणून चंद्री. कुसुमच्या हाताशिवाय ती कुणाला दूध देत नाही. भावोजींनी धार काढायचा प्रयत्न केला तर बादली उकिरड्यावर आणि भावोजी शेणात.

कुसुमने फोन ठेवला आणि बॅग माझ्या हातात दिली. "तू ने गो. भरलेली बॅग घरी जाऊन रिकामी करायला जिवावर येतं."

आम्ही बॅग नेली, कुसुम पुढच्या एसटीने परत गेली. तेव्हापासून हा पायंडाच पडला. दर वर्षी कुसुम बॅग भरायची, दर वर्षी बॅग यायची आणि कुसुम राहायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, म्हैस आटते तेव्हा तरी ये."

"आटते तवा ती गाभण असते," ती म्हणाली. "तवा तर मी लागतेच."

भावोजी कधी आडवे आले नाहीत हे खरं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "जा की. मी कुठं नको म्हणतोय?" यावर जुबेदाचं मत असं की नको न म्हणता बायकोला घरी ठेवणं हीसुद्धा एक कलाच आहे.

*

आता जुबेदाबद्दल. तिचे मिस्टर बरीच वर्षं कुवेतला होते. त्यामुळे तिच्या घरी दाराच्या चौकटीला आकड्याचा वजनकाटा कायमचा लटकलेला. ट्रिपच्या आदल्या दिवशी आमच्या बॅगा त्याला टांगून ती एकेक वस्तू बाहेर काढते. अलकाने एकदा विचारलं, "ट्रेनमध्ये कोण वजन बघतंय?"

"खांदा बघतो," जुबेदा म्हणाली.

तिचं तत्त्व असं की बॅगेत मावत नाही ते अंगावर घालायचं. हे तिला मिस्टरांनी शिकवलं. पहिल्यांदा कुवेतहून आले ते भर मे महिन्यात तीन शर्ट, दोन पँट, वर जाकीट आणि खांद्यावर ब्लँकेट घेऊन. दारात बघून तिच्या सासूबाई हरखल्या. शेजाऱ्यांना हाका मारून सांगायला लागल्या, "माझा पोर बघा कसा भरलाय!"

मग ते पंख्याखाली बसले आणि एकेक कपडा उतरवायला लागले. खाटेवरचा ढीग वाढत गेला आणि माणूस कमी होत गेला. शेवटी बनियन राहिला. सासूबाई एकदा ढिगाकडे बघत होत्या, एकदा मुलाकडे. उठल्या, आत गेल्या आणि आणखी एक मापटं तांदूळ धुतले.

जुबेदा हा किस्सा नेहमी हसत हसत सांगते, पण तांदळापाशी आली की थांबते. पुढे आम्हीही कधी विचारत नाही.

*

राजस्थानच्या वेळी अलकाला मोबाइलवर एक बाई सापडली. मोजक्या कपड्यांत महिनाभर कसं फिरायचं ते सांगणारी. सगळे कपडे एका रंगातले घ्यायचे, म्हणजे कुठलाही कुर्ता कुठल्याही सलवारीवर चालतो. शिवाय फॅशन बदलली तरी ते जुने दिसत नाहीत. अलका म्हणाली, "ह्याला टाइमलेस म्हणतात." त्या आठवड्यात ती भाजीलासुद्धा टाइमलेस म्हणत होती.

रंग निवडायचं काम तिनेच अंगावर घेतलं. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या बाईने कुठला रंग आणावा? कापड बघून मी म्हटलं, "अलके, हा खाकी आहे."

"बेज आहे," ती म्हणाली.

शिवले मी. तिघींचे कुर्ते एकाच ताग्यातले.

जैसलमेरकडे एका राजवाड्याच्या दारात आम्ही सावली बघून उभ्या होतो. एक गृहस्थ आले आणि त्यांनी अलकासमोर तिकीट धरलं. त्यात अलकाचा काहीच दोष नाही. समोर तिकीट आलं की तिचा हात आपोआप पुढे जातो. तिने घेतलं, टर्रकन फाडलं, अर्धं परत दिलं. मागे एक अख्खी बस उतरलेली. "पुढे सरका, दारात थांबू नका, सुट्टे... नाही, सुट्टे राहू द्या." रांग अशी शिस्तीत आत गेली की बघत राहावं.

खरा तिकीट फाडणारा माणूस चहा पिऊन आला. अलकाकडे बघितलं, तिच्या कुर्त्याकडे बघितलं, आमच्या दोघींच्या कुर्त्यांकडे बघितलं. मग अदबीने म्हणाला, "मॅडम, आपकी ड्यूटी कब तक है?"

*

त्याच ट्रिपमध्ये मी कुसुमला वाळवंटाचा फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला. त्यांच्या घरात मोबाइलला रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येते, त्यामुळे कुसुम बोलत असली की मागे चंद्रीचं रवंथ ऐकू येतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"फोटोत काय गो," ती म्हणाली. "फोटोत डोंगर कापता येतो."

मग तिने शाळेपासून सांगत आलेली गोष्ट परत सांगितली. तिचं माहेर डोंगरात, सासर डोंगरात. उन्हं कलली की सूर्य डोंगराआड, तो कुठे जाऊन टेकतो ते तिने कधी बघितलेलं नाही. तिला देऊळ नको होतं, राजवाडा नको होता. "जिथं डोंगरच नाय अशा जागी एकदा उभं ऱ्हायचंय. गोल फिरून चारी बाजूंनी बघायचंय. मग मेले तरी चालंल."

"मरतेस कशाला? चंद्रीला कोण बघणार?" मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर मला वाळूत चालवेना.

*

केरळच्या वेळी तर कुसुम पायरीपर्यंतसुद्धा आली नाही. चंद्री व्यायला झालेली. बॅग घेऊन स्वतः भावोजी आले. मोटारसायकल बंद न करताच बॅग पुढे केली.

जुबेदाने बॅग घेतली, मागच्या सीटकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, बॅग आणलीत. बायको विसरलात वाटतं."

भावोजींची मिशी जरा हलली. गाडी वळवून निघून गेले. मी जुबेदाला म्हटलं, "जरा जास्त झालं." ती म्हणाली, "कमीच झालं."

कुसुमची चॉकलेटी साडी तिकडेही उपयोगी पडली. ती साडी आहेच तशी. बारीक काठाची, सिंथेटिक. चुरगळत नाही, मळ दिसत नाही, रात्री धुतली की सकाळी नेसायला तयार. लग्नात उठून दिसते आणि शेतात वाईट दिसत नाही. हाउसबोटीत तिचा पडदा झाला, थंडी वाजली तेव्हा पांघरूण झालं, आणि देवळात मी ती नेसले तर एका बाईने किंमत विचारली. अलकाने मोबाइल बघून जे शोधलं ते कुसुमने महाडच्या सेलमध्ये कधीच घेऊन ठेवलं होतं.

मी साडी धुतली, इस्त्री केली, आत चंदनाची पावडर शिंपडून परत पाठवली. म्हटलं, मैत्रिणीला जरा बरं वाटेल.

दोन दिवसांनी गोठ्यातून फोन. "शैले, माज्या साडीला काय लावलंस?"

"का गं?"

"ती नेसून धारेला बसले तर चंद्रीनं पान्हा चोरला. मला वळखतच नाय. शेजारणीगत बघते."

शेवटी कुसुमने साडी दोन दिवस गोठ्यात दावणीवर टांगून ठेवली. चंदन उडालं, शेणाचा नि धुराचा वास परत बसला, तेव्हा कुठे चंद्रीने दूध सोडलं. कुसुम म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं, ती मला वळखते. ती तर साडीच्या वासाला वळखते. ह्यांना सांगितलं तर हे नुस्ते हूं म्हणाले."

*

आणि परवाची गोष्ट. कच्छला, पांढऱ्या रणात जायचं ठरलं. दुकानाच्या पायरीवर आम्ही तिघी उभ्या. मोटारसायकल आली. पुढे भावोजी, मागे कुसुम. आम्हाला वाटलं, बॅग द्यायला आली.

कुसुम उतरली. अंगावर हिरवी साडी, हातात लहानशी कापडी पिशवी. भावोजींनी गाडी वळवली आणि निघाले. कुसुम तिथेच उभी.

"बॅग कुठाय?" अलकाने विचारलं.

"नाय आणली. मीच आले."

"आणि चॉकलेटी?"

"ती घरी लागते," कुसुम म्हणाली आणि आम्हाला स्टेशनला न्यायला आलेल्या जीपमध्ये जाऊन खिडकीशी बसली.

रणात पोचलो तेव्हा दिवस कलत होता. कुसुमने चपला काढल्या. मिठावर थोडी आत चालत गेली आणि थांबली. मग हळूहळू गोल फिरली. एकदा फिरली, परत एकदा फिरली. काही सुटत नाही ना ते बघितल्यासारखी.

"इथं ढग अडायचे कुठं गो?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही आलं. का ते मला सांगता येणार नाही, पण आलं.

सूर्य जमिनीला टेकायला आला तसा तिने मोबाइल काढला. "ह्यांना दाखवते." व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला आणि कुठल्या तरी कोनाड्यात उभा करून ठेवल्याचा आवाज आला.

आम्ही तिघी तिच्या खांद्यावरून डोकावलो. आधी दिसली चंद्रीची पाठ. ती निवांत रवंथ करत होती. खालून बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता, चांगला भरघोस. मग चित्र स्थिर झालं. चंद्रीच्या पोटाशी कुणीतरी बसलं होतं. चॉकलेटी साडी, डोक्यावरून पदर. आणि पदराखाली भरघोस पांढरी मिशी.

अलकाने तोंडात रुमाल कोंबला. जुबेदाने चष्मा पुसून परत बघितलं.

"बोल लवकर," मिशीतून हळू आवाज आला. "ती बुजते."

कुसुमने मोबाइल चारी बाजूंनी फिरवला. पांढरं मीठ, तांबडं आभाळ, मधे काही नाही. भावोजी बघत होते. हात थांबला नव्हता.

"बघितलंत? डोंगर नाय कुठं."

"हां. नाय खरा."

कुसुमने मोबाइल जवळ धरून निरखून बघितलं. "अवो, पदर डाव्या खांद्यावर घेतात. तुमी उजव्यावर घेतलाय."

"चंद्रीला चालतंय," भावोजी म्हणाले. "तू बघून घे."