ग्रोनिंगनच्या मावशीकडचा काळा घेवडा

माझ्या सासूबाई क्युबात वारल्या तेव्हा आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावातल्या आमच्या घरात, लॅपटॉपसमोर बसलो होतो. महासाथीचं दुसरं वर्ष नुकतंच लागलं होतं. विमानं जवळजवळ बंद, आणि तिकडे अंत्यविधी चोवीस तासांत उरकतात. नवऱ्याच्या चुलतभावाने फोनवरून दफनभूमी दाखवली. मध्येच नेटवर्क गेलं आणि पडद्यावर कुणाच्या तरी पाठीचं चित्र तसंच थांबून राहिलं. नवरा बराच वेळ त्या पाठीकडे बघत होता. मग उठून त्याने सिंकमधली भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नऊच्या मीटिंगला बसलासुद्धा.

आठवड्याभराने तो म्हणाला, "मला आईच्या हातचा घेवडा खायचाय."

काळा घेवडा आणि पांढरा भात म्हणजे त्यांच्याकडचा वरणभात. लग्नानंतर एकदाच मी तीन आठवडे सासरी राहिले होते. सासूबाई मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायच्या आणि कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवायच्या. मला स्पॅनिश येत नव्हतं, त्यांना इंग्रजी. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. तेवढ्या दिवसांत मी काहीतरी शिकून घ्यायला हवं होतं, पण तेव्हा वाटलं, पुन्हा येऊच की.

मी घेवडा करून बघितला. रात्रभर भिजवला, कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण परतून घातलं, जिरं, तमालपत्र. प्रत्येक वेळी त्याने ताट स्वच्छ केलं आणि हळूच म्हणाला, "छान झालाय. पण हा तो नाही." चौथ्या वेळी सवयीने माझ्या हातून मोहरी पडली, तेव्हा आई गेल्यापासून पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, "आईने तुला घराबाहेर काढलं असतं."

पाचव्या वेळी मी म्हणाले, "तुझ्या मावशीला विचारूया."

त्याची मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, ग्रोनिंगनला राहायची. आमच्या घरापासून गाडीने अडीच तास. एका डच माणसाशी लग्न करून ती इकडे आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आता ती विधवा होती आणि एकटी होती. एवढ्या जवळ असून मी तिला कधी भेटले नव्हते, कारण त्याची आजी, म्हणजे या दोघींची आई, गेली तेव्हा मावशी आली नाही, आजीचं दुखणंखुपणं सगळं आईनेच काढलं, ही गोष्ट त्या घरात कोणी विसरलं नव्हतं. दोघी बहिणी नंतर बोलल्याच नाहीत. आईची बाजू घेऊन नवराही मावशीशी बोलत नव्हता.

"तिला काय विचारायचं?" तो म्हणाला.

"घेवडा कसा करायचा ते."

फोन मीच केला. माझं डच परीक्षेपुरतं, पण मावशीला एवढंच कळायला हवं होतं की बहिणीची सून बोलतेय. ती म्हणाली, "शनिवारी या. पण घरात एकालाच घेता येईल."

तेव्हा तसा नियम होता. घरात एकच पाहुणा. आणि रात्री नऊनंतर संचारबंदी.

शनिवारी आम्ही थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पराठे घेऊन निघालो. वाटेतली सगळी हॉटेलं बंद होती. झ्वोले शहराच्या पुढे शेतं बर्फाने पांढरी पडलेली होती. नवरा गाडी चालवत होता. मावशीच्या दारापुढे गाडी लावल्यावर म्हणाला, "एकच जण ना? तू जा."

मावशीने मास्क लावून दार उघडलं. माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं. "तो?"

"बसलाय," मी म्हणाले.

स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला होतं. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून आमची गाडी दिसे. मी तिच्या बहिणीच्या हातच्या घेवड्याबद्दल विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "तिचा मला येत नाही. ती मला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. मी माझा शिकवते. मिरची चीर."

मी मनातून खट्टू झाले, पण मिरची चिरली. मावशीने फोडणीत थोडी साखर घातली, शेवटी व्हिनेगर. हात चालू असताना तिने मला न विचारता सांगायला सुरुवात केली. तिची आई गेली तेव्हा क्युबा सोडून गेलेल्यांना परत यायला परवानगी लागायची. तिने अर्ज केला होता. परवानगी तीन महिन्यांनी आली.

"बहिणीला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तिने ऐकलं नाही. सगळं एकटीने उचलल्यावर माणसाला कुणावर तरी रागवावं लागतं. मग मीही सांगणं सोडलं." तिने गाडीकडे बघितलं. "आता त्याचंही तसंच झालं ना? जाता आलं नाही."

मी एका ताटात भात आणि घेवडा वाढून गाडीकडे नेलं. काचेतून ताट दिलं आणि मावशीने सांगितलं ते सगळं सांगितलं. त्याने चार घास खाल्ले. "हा तो नाही," म्हणाला. मग ताट माझ्या हातात देऊन उतरला आणि दाराकडे गेला. नियम एकाचा होता, म्हणून मी गाडीत बसून उरलेला भात संपवला.

खिडकीतून दोघं दिसत होते. आधी टेबलाच्या दोन टोकांना. नंतर एकदा बघितलं तर मावशीने त्याची मान धरून डोकं आपल्या खांद्यावर ओढलं होतं. अंतराचा नियम तिथेच मोडला, आणि मी मान दुसरीकडे वळवली.

सव्वासहाला तो बाहेर आला. परतताना झ्वोलेजवळ त्याने गाडी पेट्रोलपंपावर घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. थोड्या वेळाने आम्ही जागा बदलल्या आणि मी गाडी चालवली. घराच्या दारात पोचलो तेव्हा नऊला थोडाच अवकाश होता.

मग ते नेहमीचंच झालं. महिन्यातून एकदा ग्रोनिंगन. आलटूनपालटून एकाने आत जायचं, दुसऱ्याने तोवर कालव्याकाठी फिरून यायचं. नियम सैल झाल्यावर मावशी मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर यायला लागली. आम्ही तिला समुद्राकाठच्या बांधावर नेलं, गाडीच्या डिकीत पातेलं ठेवून लांबलांबच्या गावांना गेलो. मोहरी घातलेला माझा घेवडा तिने चाखला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

विमानं सुरळीत झाल्यावर आम्ही तिघं क्युबाला गेलो. बहिणीच्या थडग्यापाशी मावशी हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि मोठ्याने बोलायला लागली. तोवर मला थोडं स्पॅनिश समजायला लागलं होतं. ती भांडत होती. एका शिवणयंत्राचा उल्लेख सारखा येत होता.

"कुठलं शिवणयंत्र?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "बोलू दे तिला."

आम्ही बाजूच्या कट्ट्यावर बसलो. ती बराच वेळ बोलत होती.